ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स आणि पास्काची दया

ज्युबिलीचा सोहळा म्हटला म्हणजे मंडप, मिरवणूक, पवित्र मिस्सा आणि सहभोजन ही चित्रे डोळ्यांपुढे प्रथम उभी राहतात, आणि त्यांत वावगे काही नाही. परंतु जुन्या करारातील लेवीय ग्रंथात ज्युबिलीचा जो मूळ विधी सांगितला आहे, तो निराळाच आहे. पन्नासावे वर्ष आले की शिंग फुंकले जाई, दास मुक्त होऊन आपापल्या घरी जात, आणि अडचणीत विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई. सारांश, ज्युबिली हे काही मिळविण्याचे वर्ष नव्हे. ते सोडून देण्याचे वर्ष होय. हीच गोष्ट पास्काच्या सणाच्या अंतर्यामी आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणून ह्या स्मरणिकेत ईस्टर व ईश्वरी दया ह्या विषयावर कोरडे प्रवचन न लिहिता, आम्ही एका थोर धर्मगुरूचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे धर्मगुरू म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. कृष्णा व तारळी ह्यांच्या संगमावर वसलेल्या आपल्या उंब्रज गावी ते कधी आले नाहीत. त्यांचे आयुष्य गोमंतकात गेले. तथापि मराठी बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे ते आजोबा शोभतात. कारण प्रभूच्या मरणाची व पुनरुत्थानाची कथा ओवीबद्ध मराठीत सविस्तर सांगणारा पहिला मोठा ग्रंथ त्यांचाच.

स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, बुश्टन ह्या खेड्यात, सुमारे 1549 साली झाला. वडील लंडनचे व्यापारी. मुलगा बुद्धिमान निघाला. परंतु तो काळ इंग्लंडातील कॅथलिकांना मोठा बिकट होता. राणी एलिझाबेथच्या अमलात जुन्या धर्माने चालणाऱ्यास दंड, तुरुंग आणि पुढे पुढे फाशीही होती. स्टीफन्स ह्यांचे जिवलग स्नेही थॉमस पाउंड ह्या सद्गृहस्थांसह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा असा त्यांचा बेत होता. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व 1575 सालच्या ऑक्टोबरात त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. मित्र कोठडीत आणि आपण मोकळे, ही आठवण त्यांच्या मनातून कधी गेली असेल असे आम्हांस वाटत नाही.

पुढे हिंदुस्थानात जाण्याची त्यांची इच्छा मान्य झाली. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले. त्या वर्षी ईस्टरचा रविवार 19 एप्रिलला होता. म्हणजे मायभूमी कायमची सोडल्यानंतरचा पहिला पास्काचा सण त्यांना भर समुद्रात साजरा करावा लागला. वारे पडले, वादळे झाली, खलाशी व उतारू आजारी पडले, आणि सहा महिन्यांहून अधिक काळाने, 24 ऑक्टोबर रोजी, जहाज गोव्यास लागले. पोहोचताच पुढील महिन्याच्या 10 तारखेस त्यांनी वडिलांना ह्या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र 1589 साली लंडनमध्ये हॅक्लुइट ह्यांच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन कायमचे राहिलेले पहिले इंग्रज गृहस्थ म्हणून इतिहासकार त्यांचाच निर्देश करतात. व्यापाराची वखार किंवा पलटण येथे येण्याच्या कितीतरी आधी आलेला हा इंग्रज हातात जपमाळ घेऊन आला होता.

गोव्यात गुरुदीक्षा झाल्यावर त्यांची नेमणूक साष्टी महालात झाली. मडगाव, राशोल, बाणावली, नावेली ह्या गावांच्या परिसरात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे सेवा केली. वाचकहो, ह्या चाळीस वर्षांतील एकच वर्ष आम्ही येथे विशेष निवडतो, कारण त्या वर्षी त्यांच्या श्रद्धेची कसोटी लागली. ते वर्ष 1583.

साष्टीतील त्या वेळची स्थिती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्युबिलीच्या पुस्तकात इतिहासावर पांघरूण घालणे बरे नव्हे. पोर्तुगीज सत्तेने 1567 साली ह्या महालातील शेकडो देवळे पाडली होती, आणि पुढेही तसे प्रकार झाले. कुंकळ्ळीच्या लोकांच्या मनात ह्या जखमा ओल्या होत्या. अशा वेळी, 1583 सालच्या जुलै महिन्यात, फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा, फादर अल्फोन्स पाशेको, फादर पीटर बेर्नो, फादर अँथनी फ्रान्सिस आणि ब्रदर फ्रान्सिस आरान्हा हे पाच येशूसंघीय काही स्थानिक ख्रिस्ती सोबत्यांसह कुंकळ्ळीस गेले. क्रूस उभारावा व मंदिरासाठी जागा पाहावी असा त्यांचा हेतू होता. फादर आक्वाव्हिवा नुकतेच अकबर बादशहाच्या फत्तेपूर सिक्रीच्या दरबारातून परतले होते. गावकरी हत्यारांनिशी जमले. पाचही जण मारले गेले आणि त्यांच्या सोबत्यांपैकी कित्येकांनाही मरण आले. धर्मगुरूंची प्रेते एका विहिरीत टाकण्यात आली.

ती प्रेते परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम फादर स्टीफन्स ह्यांच्या वाट्याला आले. वय चौतीसच्या आसपास, गोव्यात येऊन चार वर्षेही झालेली नाहीत, आणि विहिरीतून वर येतात ते आपल्याच बंधूंचे देह. ज्याने आपल्या माणसाचा मृतदेह विहिरीतून काढताना पाहिला आहे त्याला ह्यावर अधिक सांगण्याची गरज नाही. आणि आपल्या ह्या मुलखात तसे पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. हे देह राशोलला नेऊन पुरण्यात आले. पुढे 1893 साली पोप तेरावे लिओ ह्यांनी ह्या पाच हुतात्म्यांना धन्य म्हणून घोषित केले.

सत्तेने ह्या प्रसंगाचे उत्तर कसे दिले? कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने आसोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. विहिरीतील प्रेतांवर किल्ल्यातील प्रेतांची भर पडली, आणि दोहोंकडे विधवा व पोरकी मुले राहिली. ही सूडाची वाट. ती सर्व काळी, सर्व देशांत सारखीच असते.

त्याच वर्षाच्या शेवटी दुसरा प्रसंग आला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय होता. ह्या चौघांचा देश तो, ज्या देशात धर्मगुरू होणे हा गुन्हा मानला जात होता; ज्या देशात दोनच वर्षांपूर्वी, 1 डिसेंबर 1581 रोजी, येशूसंघाचे फादर एडमंड कॅम्पियन ह्यांना फाशी दिली होती; आणि ज्या देशाच्या तुरुंगात स्टीफन्स ह्यांचा मित्र अजून खितपत पडला होता. स्टीफन्स ह्यांनी मौन पाळले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु ते कैद्यांना भेटले, अधिकाऱ्यांकडे रदबदली केली, आणि लिन्सखोतेन नामक एका डच गृहस्थाच्या साहाय्याने त्यांना जामिनावर सोडविले. पुढील वर्षी हे व्यापारी गोव्यातून निसटले. फिच 1591 साली लंडनला सुखरूप पोहोचले. ह्या मंडळींच्या लेखांत फादर स्टीफन्स ह्यांच्या उपकारांची नोंद राहिली आहे.

एका वर्षात दोन विहिरी असेच आम्ही ह्याला म्हणू. एका विहिरीतून त्यांनी मित्रांचे देह काढले. दुसरीतून, म्हणजे कारागृहातून, शत्रुपक्षाची जिवंत माणसे काढली. मेलेल्यांना पुरणे व बंदिवानांचा समाचार घेणे ही दोन्ही दयेची कृत्ये आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच पाठ केली आहेत. ती एकाच माणसाने एकाच वर्षी, आपले दुःख ताजे असताना करावी, ह्यात पास्काचा अर्थ सामावला आहे.

त्यानंतर स्टीफन्स काय करीत राहिले? ते लोकांची भाषा शिकत राहिले. 1583 च्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावाला जे पत्र लिहिले, त्यात हुतात्म्यांचा वृत्तान्त आहे आणि त्याच पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे निरीक्षणही आहे. ज्या भूमीने आपले बंधू घेतले त्या भूमीची वाणी ह्या पुरुषाला परकी वाटली नाही. उलट तिच्यात त्यांना आपल्या विद्येची सोयरीक दिसली. त्यांनी कोंकणी भाषेचे व्याकरण रचले. ते त्यांच्या पश्चात 1640 साली राशोलला छापले गेले. त्यांची कोंकणीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी 1622 साली प्रसिद्ध झाली.

व्याकरणाचा आणि दयेचा संबंध काय, असे कोणी विचारील. आम्ही तीस वर्षांच्या आसपास पापनिवेदन ऐकत आलो आहोत. आमचा अनुभव असा की मनुष्य हिशेब कोणत्याही भाषेत सांगेल, परंतु पाप मात्र आईच्या भाषेतच सांगतो. धर्मगुरूला ती भाषा येत नसेल तर पश्चात्तापी माणूस दारापर्यंत येऊन परत जातो. परदेशी धर्मगुरूंना लोकांची वाणी शिकविणारे ते व्याकरण म्हणजे, आमच्या मते, दयेच्या दाराची किल्लीच होती.

ह्या साधनेचा मुकुटमणी म्हणजे ख्रिस्तपुराण. ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की, नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रींना विचारतो : पूर्वीची पुराणे तुम्ही आमच्याकडून काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही का देत नाही? प्रश्न अगदी न्याय्य होता. ज्यांची देवळे गेली, पोथ्या गेल्या, त्यांची ओंजळ रिकामी होती. स्टीफन्स ह्यांनी त्या ओंजळीत सुमारे अकरा हजार ओव्या घातल्या. पहिल्या पुराणात 36 व दुसऱ्या पुराणात 59 अध्याय असून अध्यायास त्यांनी अवस्वर असे नाव दिले आहे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या जुन्या करारातील लोकांची कथा, आणि दुसऱ्यात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. ज्या ओवीच्या छंदात ज्ञानेश्वरांनी व एकनाथांनी गायिले, त्याच छंदात हा विल्टशायरचा पुत्र गाऊ लागला, आणि गाताना मराठी भाषेची थोरवीही त्याने मुक्तकंठाने वर्णिली. मराठी लिपीत ग्रंथ छापता यावेत अशी विनंती त्यांनी 1608 साली रोमला येशूसंघाच्या मुख्याधिकाऱ्यांकडे केली होती. हे मुख्याधिकारी म्हणजे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुदोल्फ आक्वाव्हिवांचे चुलते फादर क्लॉडियस आक्वाव्हिवा. ती सोय झाली नाही, म्हणून 1616 साली राशोलच्या छापखान्यात रोमन अक्षरांत ग्रंथ छापला गेला.

1583 पासून 1616 पर्यंत तेहेतीस वर्षे होतात. प्रभूचे ऐहिक आयुष्यही परंपरा तितकेच सांगते. कुंकळ्ळीच्या विहिरीला उत्तर म्हणून त्यांनी पुराण लिहिले, असे आम्ही म्हणत नाही; माणसाच्या अंतःकरणाचा ठाव केवळ देवाला असतो. परंतु जे घडले ते आपल्यापुढे आहे. सत्तेने त्या लोकांना किल्ला दाखविला. स्टीफन्स ह्यांनी त्यांच्याच भाषेत रिकामी कबर दाखविली.

1619 साली गोमंतकातच त्यांचे देहावसान झाले. इंग्लंडास ते पुन्हा कधी गेले नाहीत. 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषांवर बंदी घातली. पुराणाच्या 1616 च्या, व नंतरच्या 1649 आणि 1654 च्या आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ मेला नाही. गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांनी तो हातांनी लिहून जपला. टिपू सुलतानाने कानडा प्रांतातील ख्रिस्ती लोकांना 1784 ते 1799 पर्यंत श्रीरंगपट्टणच्या कैदेत ठेविले. त्या पंधरा वर्षांत धर्मगुरूंच्या अभावी ह्या ओव्यांनी त्यांची श्रद्धा टिकविली, असे मंगळूरकडे परंपरेने सांगतात. 1907 साली मंगळुरास जोसेफ सालढाणा ह्यांनी हस्तलिखितांवरून पुराण पुन्हा छापले, आणि 1956 साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. पुरून टाकलेला ग्रंथही असा उठला.

आता ह्या चरित्रावरून पास्काकडे वळू. आम्ही सेमिनरीत असताना ख्रिस्तपुराण वाचले ते मराठी भाषेचे भूषण म्हणून. त्यातील पुनरुत्थानाचा भाग दयेचा ग्रंथ आहे, हे आम्हांस पुढे एका चुकीने शिकविले. ती चूक आमची स्वतःची आहे, आणि ज्युबिलीच्या वर्षी ती कबूल करणे योग्य होईल.

अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, ईस्टरच्या जागरणविधीच्या रात्री पास्काची मेणबत्ती पेटवून आम्ही मंदिरात शिरत होतो. दाराशी एक गृहस्थ उभे होते. कित्येक वर्षांत ते मंदिरात आले नव्हते. आम्ही थांबलो, आणि चारचौघांसमक्ष, इतकी वर्षे कोठे होता असे त्यांना विचारले. स्वर चेष्टेचा होता, परंतु त्यात काटा होता. ते गृहस्थ हसले, मागे सरले आणि अंधारात निघून गेले. पुढे ते कधी आले नाहीत. दोन वर्षांनी त्यांना आणले तेव्हा ते शवपेटीत होते, आणि अंत्यविधी आम्हीच केला.

त्या दिवसापासून योहानकृत शुभवर्तमानातील पुनरुत्थानाच्या संध्याकाळचा प्रसंग आम्ही निराळ्या डोळ्यांनी वाचतो. शिष्य दारे लावून बसले होते. त्यांतील एकाने प्रभूला तीनदा नाकारले होते; बहुतेक सारे पळून गेले होते. प्रभू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. पवित्र शुक्रवारी तुम्ही कोठे होता, हा प्रश्न त्याने विचारला नाही. त्याने त्यांना शांती दिली, आणि ज्यांना स्वतःच क्षमेची गरज होती त्यांच्याच हाती पापक्षमेचा अधिकार ठेविला. त्या वेळी थोमा तेथे नव्हता. आठ दिवसांनी प्रभू त्याच्यासाठी पुन्हा आला आणि आपल्या जखमा त्याच्यापुढे केल्या. पुनरुत्थित देहावरही जखमा राहिल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. दया म्हणजे जखम झालीच नाही असे म्हणणे नव्हे. जखम तशीच असते. मात्र तिच्यातून सूड वाहत नाही, शांती वाहते.

फादर स्टीफन्स ह्यांचे नावही थॉमस म्हणजे थोमाच. ज्या रविवारी थोमाचे हे शुभवर्तमान वाचले जाते, त्या पास्काच्या दुसऱ्या रविवाराला पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 30 एप्रिल 2000 रोजी, पोलंडच्या सिस्टर फॉस्तिना ह्यांना संतपद देताना, ईश्वरी दयेचा रविवार असे नाव दिले. नाव नवे असले तरी गोष्ट जुनीच आहे. ईस्टर आणि दया हे दोन सण नव्हेत. एकाच सणाचे ते आठ दिवस आहेत. पहिल्या दिवशी कबर उघडते, आठव्या दिवशी उशिरा आलेल्यासाठी दार उघडते.

प्रिय धर्मबंधू-भगिनींनो, उंब्रजच्या परिसरातील आपली मंडळी लहान आहे, आणि लहान मंडळीत भांडणे फार मोठी होतात. कोणाचा बांध सरकला, कोणाच्या वाट्याचे विहिरीचे पाणी अडले, कोणाच्या लग्नात कोणाला बोलावणे गेले नाही; आणि सख्खे भाऊ मंदिरात दोन बाजूंच्या बाकांवर बसतात, एकाच वेदीवरून पवित्र ख्रिस्तशरीर घेतात आणि दारातून पाठ फिरवून निघतात. आम्ही हे पाहतो. आमच्या त्या रात्रीच्या प्रश्नासारखे प्रश्न आपणही एकमेकांना विचारीत असतो.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षी आमची विनंती एवढीच आहे. ईस्टरपूर्वी प्रत्येकाने पापनिवेदन करावे, आणि ईस्टरनंतरच्या आठ दिवसांत प्रत्येकाने एका तरी घराचा उंबरठा ओलांडावा, ज्या घरी तो अनेक वर्षांत गेलेला नाही. हिशेब काढू नये, साक्षीदार नेऊ नयेत. चहा मिळाला तर घ्यावा, न मिळाला तरी राग मानू नये. जो मंदिरात फार दिवसांनी येईल त्याला बसावयास जागा द्यावी आणि काहीही विचारू नये. आम्हीही विचारणार नाही, हे वचन आम्ही ह्या पानावर लिहून देत आहो.

ज्याने विहिरीतून आपले मृत वर काढले आणि मारणाऱ्यांच्या गावाला पुनरुत्थानाची कथा सांगितली, त्या फादर स्टीफन्स ह्यांच्या आत्म्यास देव चिरंतन विसावा देवो. आणि उठलेल्या प्रभूची शांती आपल्या सर्व घरांत, विशेषतः ज्यांची दारे आज लावलेली आहेत अशा घरांत, प्रवेश करो.